फितीच्या अलीकडे

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि विशेषतः ज्यांना गुडघे आहेत अशा समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माणसाला पाय असतात ही बाब शासनाच्या निदर्शनास आलेली आहे. सदर पाय चालण्याच्या कामी वापरता येतील काय, तसेच सायकल नामक वस्तूस लावता येतील काय, याचा आराखडा तयार करण्यासाठी छोट्या गावांना अनुदान मंजूर झालेले आहे. तरी सर्वांनी आपापले पाय जागेवर असल्याची खात्री करून घ्यावी. हुकमावरून.

अशी दवंडी कुणी पिटली नाही. माझ्या हाती डफडं असतं तर मी पिटली असती, आणि वर एक गिरकीही घेतली असती. पण माझ्या हाती शिलाई मशीन आहे, म्हणून मी नुसती बघत बसले. बघण्यासारखं खूप होतं.

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. शिरूरवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात, ते दौंडच्या अंगाचं गाव. दौंडवाले नाक उडवून शिरूरकडे बोट करतात. माझं माहेर दौंडचं, सासर इथलं, आणि ब्लाउजचं अस्तर येतं शिरूरहून. म्हणजे तिघांनाही नावं ठेवायचा मला रीतसर हक्क आहे.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे काल संध्याकाळी हंगामातला पहिला उसाचा ट्रॅक्टर दुकानासमोरून गेला. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर गाण्याचे दोन भोंगे. तो गेला की दुकानातली बॉबिनं डबीत नाचतात. दोन-चार दिवसांत हवेत मळीचा तो आंबूस गोड वास भरेल. कारखान्याची काजळी दोरीवरच्या पांढऱ्या परकरांवर येऊन बसेल आणि बायका माझ्याकडे येऊन म्हणतील, ताई, गडद रंगाचा कपडा दाखवा. रस्ताभर पाचट लोळेल. आणि रस्त्याच्या या बाजूचं गाव आणि त्या बाजूचं गाव अशी दोन गावं होतील, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. रस्ता माणसांना जोडतो असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्या गुरुजींना एकदा माझ्या दुकानाच्या पायरीवर हंगामात आणून बसवायला पाहिजे.

त्या पायरीवर हौसाबाई बसायची. अजूनही बसते. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर तिची थोरली नणंद गजराबाई बसायची. ती आता बसत नाही. का, ते येईलच.

हौसाबाई धनगराची. लग्न होऊन आली ती मेंढरांमागे चालायलाच आली. दर साली दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड बांधायचं आणि घाट उतरून कोकण गाठायचं, पावसाच्या तोंडावर पुन्हा वर यायचं. मेंढरं विकली, जमिनीचा तुकडा घेतला, मुलं कंपनीत लागली आणि हौसाबाई गावात स्थिर झाली. पायांनी घाट उतरलेली ही बाई आता हंगामात समोरच्या पायरीपर्यंत जाऊ शकत नाही. मी तिला एकदा म्हटलं, "मावशी, कोकण जवळ होतं हो तुम्हाला." ती म्हणाली, "कोकनात वाघ व्हते. टॅक्टर न्हवते."

तर या दोघी दोन पायऱ्यांवर बसून, मधून उसाचे डोंगर जात असताना, एकमेकींशी भांडायच्या. ट्रॅक्टर आला की वाक्य तिथंच अडवून धरायचं आणि तो गेला की पुढचं सोडायचं. गिऱ्हाइकं माप द्यायचं थांबवून ऐकायची. भांडण कायम एकाच गोष्टीवर, ती म्हणजे एक घोंगडं.

घोंगडं गजराबाईच्या बापाचं. म्हणजे हौसाबाईच्या सासऱ्याचं. घरच्या मेंढ्यांच्या लोकरीचं, काळं, काठाला पांढरी रेघ, पावसात उभं राहिलं तरी आत थेंब न येणारं. म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा हौसाबाईनं त्याचं सगळं केलं, आणि तो गेल्यावर घोंगडं तिच्याकडेच राहिलं. गजराबाईचं म्हणणं, बापाचं पांघरूण लेकीचं.

"हौसे, ये हौसे! माझ्या बापाचं घोंगडं उंदरानं खाल्लं का गं?"

"उंदरं तुमच्या घरची वन्सं, माझ्या घरला मांजर हाय."

ट्रॅक्टर. गाणं. पाचट.

"मला नगं ते! तूच पांघर, त्यातच मर! पर चारचौघांत येकदा म्हन, वन्संचं हाय म्हनून. येवढं म्हन, पुन्यांदा नाव काढनार न्हाई!"

"म्हनायला काय जीभ भाड्यानं आनू? माझं हाय, माझं म्हननार!"

असं रोज. आणि कुणी एक पायरीवर दिसली नाही की दुसरी माझा नाहीतर हार्डवेअरवाल्याचा जीव खायची, बरी हाय ना, जेवली ना, बघून या ना. मी विचारलं, "मावशी, एवढं आहे तर देऊन का टाकत नाही?" त्यावर ती माझ्याकडे असं बघायची, जसं मी तिला भर रस्त्यात लुगडं सोडायला सांगितलंय.

अशाच एका हंगामात ते अनुदान आलं.

मंगल कार्यालयात सभा झाली. आराखडा करायला पुण्याहून कल्याणी मॅडम आल्या होत्या. हसरी, तरतरीत मुलगी, पायात बूट, पाठीला सॅक. गावानं लगेच ठरवलं की हिच्याकडे गाडी नाही, बिचारी. मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. रुंद पदपथ, झाडं, सायकलवर हसणारी म्हातारी माणसं. आमच्या बांधकाम समितीचे बबनराव पुढच्या खुर्चीत होते. गावातला एकूण एक रस्ता आपण आपल्या हातानं जन्माला घातला अशी त्यांची समजूत आहे. रस्त्यांची तब्येत पाहता त्यांनी ती चारचौघांत सांगू नये.

"मॅडम, ह्येच्यात काँक्रीट किती?" बबनरावांनी विचारलं.

"काँक्रीट नाही. हे अनुदान आराखड्यासाठी आहे."

"म्हंजी कसं चालायचं ह्येचं पुस्तक?"

"तसंच समजा."

"आवो, आईच्या कडंवरनं उतरल्यापास्नं आमी बिगर पुस्तकाचं चालतोय!"

टाळ्या पडल्या. मॅडमही हसल्या, आणि मग त्यांनी चूक केली. त्यांनी विचारलं, "आज इथं कोण कोण चालत आलंय?"

सगळं गाव चालत आलं होतं. कार्यालय बाजारपेठेच्या मागेच आहे. पण हात कोण वर करणार? आमच्याकडे चालत येणं म्हणजे घरात गाडी नाही याची जाहीर कबुली. बारशाला चालत आलेला माणूससुद्धा दारात चप्पल काढता काढता सांगतो, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. डॉक्टरांनी चालायला सांगितलेले लोक पहाटे गाडीत बसून कालव्यावर जातात, तिथं हात हलवत चालतात आणि गाडीत बसून घरी येतात. मी हात वर केला नाही. माझी स्कूटर खरंच सर्व्हिसिंगला होती, हवं तर विचारा.

मागून एक हात वर आला. हौसाबाईचा.

"मी आले चालत. मला त्या अंगाला जायचंय."

"कुठल्या अंगाला आजी?"

"रस्त्याच्या पल्याड. तितं माझी नणंद ऱ्हाती."

"रोज भेटायचं असतं का?"

"रोज भांडायचं असतं. वरडून वरडून घसा बसला बाई. जवळ जाऊन भांडन म्हनते."

सगळं कार्यालय खिदळलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांना आराखड्याचा जीव सापडला होता. त्यांनी तिथंच जाहीर केलं की माझ्या दुकानापासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत एक सकाळ चाचणी म्हणून पादचाऱ्यांची वाट आखायची. पांढरे पट्टे, मधोमध थांबायला जागा, कुंड्या. त्या सकाळी ट्रॅक्टर वळणरस्त्यानं सोडायचे आणि किती माणसं चालत ओलांडतात ते मोजायचं. माणसं दिसली की वाट कायमची होईल. हौसाबाई पायरीवर येऊन बसली ती विजयी सेनापतीसारखी. "वन्सं! आता येते तितं! घसा साफ करून ठिवा!"

"ये की! मी काय पळून जाते व्हय!"

मला यात दौंड आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवलं. लहानपणी आमच्या गल्लीतून रेल्वेच्या पाळीवर जाणाऱ्या सायकलींचा लोंढा निघायचा. घंट्या, डबे, मफलर, आणि धुक्यात डायनामोचे दिवे, चाक हळू झालं की मंदावणारे. माझे वडील फाटक पडलेलं असलं की सायकल आडवी करून दांड्याखालून वाकून जायचे, आणि पलीकडे गेल्यावर अलीकडच्यांकडे बघून मिशीत हसायचे. रेल्वेचाच माणूस! आई म्हणायची, एक दिवस असेच जाल. ते तसे गेले नाहीत. निवृत्त झाले, भावानं त्यांना मोटरसायकल घेऊन दिली, सायकल गच्चीवर गेली, आणि मग ते अंगणातल्या खुर्चीवरून मोटरसायकलीकडे बघत बसायचे, पाहुण्यांना दाखवायला. गावं अशीच मोठी होतात. आधी माणसाची सायकल काढून घ्यायची, मग तो बसला की त्याच्यासाठी सायकलीचा आराखडा करायचा. आता दौंडलाही असं अनुदान मिळणार असल्याची कुजबुज आहे. मी भावाला म्हटलं, गच्चीवरची सायकल उतरव, पाहुणे येतील.

चाचणीचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात गजराबाईच्या मुलानं सणसवाडीला घर घेतलं. कंपनी तिथं, पोरांची शाळा तिथं. हार्डवेअरच्या मागची खोली सोडायची होती. सामानाचा टेम्पो त्याला मिळाला तो नेमका चाचणीच्या सकाळचा. गजराबाईनं ही बातमी रस्ता ओलांडून अशी फेकली जशी दुसऱ्या कुणाचीतरी आहे.

"जाते गं मी. तिसऱ्या मजल्यावर. तुझा आवाज न्हाई यायचा तितं."

एक ट्रॅक्टर गेला. दुसरा गेला. हौसाबाईचं उत्तर आलंच नाही. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

आदल्या दिवशी ती दुकानात आली ती घोंगडं घेऊन. काठाशी थोडं उसवलं होतं. "काळ्या दोऱ्यानं शिव. दिसाया नगं." मी शिवलं. लोकरीला इतक्या वर्षांनीही पावसाचा आणि मेंढरांचा वास होता.

"मी नेऊन देऊ का आत्ता?" मी विचारलं.

"तू का म्हनून? उद्या वाट व्हनारच हाय. माझ्या पायानं जानार, माझ्या हातानं देनार. आन् वर दोन शिव्या हासडनार, म्हंजी तिला वाटाया नगं हौसा वाकली."

"आणि ते चारचौघांत म्हणायचं?"

"ते बी म्हनीन," ती दुकानाच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "जमलं तर."

चाचणीची सकाळ उजाडली ती अशी की देवानं पाहावं. थंडी, कोवळं ऊन, रंगवलेले पट्टे, झेंडूच्या कुंड्या, आणि रस्त्यावर एकही ट्रॅक्टर नाही. अख्ख्या हंगामात पहिल्यांदा रस्ता मोकळा. इतका मोकळा की एक कुत्रं मधोमध जाऊन झोपलं.

आणि ओलांडायला कुणाला परवानगी नाही.

कारण उद्घाटन व्हायचं होतं. बबनरावांनी पुण्याहून मोठे साहेब बोलावले होते. पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना लाल फीत. ती माझ्याकडूनच शिवून नेलेली, साटीनची, दुहेरी. माझं काम पक्कं असतं. दोन्ही बाजूंना बांबू, बांबूंना दोर, दोरामागे सगळं गाव आंघोळ करून उभं. आमच्याकडे शौचालयसुद्धा पाहुण्यानं फीत कापल्याशिवाय वापरत नाहीत, मग त्याच्या पोटात कितीही कळ येवो. मॅडम हातातलं मोजायचं यंत्र घेऊन विनवत होत्या, "अहो सोडा ना लोकांना, मला मोजायचंय." बबनराव दोन्ही हात पसरून म्हणत होते, "मॅडम, सायबांच्या आदी पाय पडला तर वाट उष्टी व्हती. साहेब आले की येकदम सोडतो, मोजा मग खंडीनं." साहेब येत नव्हते. साहेब वळणरस्त्यावर होते. वळणरस्त्यावर आम्हीच सोडलेले सगळे ट्रॅक्टर होते.

हौसाबाई फितीला पोट लावून उभी. हातात घोंगडं.

समोर हार्डवेअरच्या दारात टेम्पो भरत होता. गाद्या, पिंप, देव्हारा, शेवटी गजराबाई. तिला ड्रायव्हरशेजारी बसवलं.

"बबनराव, सोड रं मला, वाईच जाऊन येते," हौसाबाई म्हणाली.

"मावशे, साहेब पोचत्यातच. पैला मान तुझाच हाय, फोटू तुझाच हाय. जरा कळ काढ."

"आरं, ती चालली!"

"आता जाऊन जाऊन जाती कुठं? सणसवाडीच ना!"

तिनं वाकून दोराखालून जायचा प्रयत्न केला. घाट उतरलेले गुडघे, पण वाकेनात. दोन स्वयंसेवकांनी तिला आदरानं, अगदी आदरानं, मागे घेतलं. लाउडस्पीकरवर देशभक्तीची गाणी. टेम्पो सुरू झाला. हौसाबाईनं काय करावं? ओरडून उपयोग नव्हता. तिनं घोंगडं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं आणि हलवलं.

गजराबाईनं पाहिलं. नेमकं तेव्हाच एक गाणं संपलं होतं आणि दुसरं लागायचं होतं, म्हणून तिचं वाक्य साऱ्या गावानं ऐकलं.

"जाता जाता बी दावती व्हय गं! ठिव तुलाच!"

आणि तिनं तोंड फिरवलं. टेम्पो मागच्या बोळातून निघून गेला. दुसरं गाणं लागलं.

मी तिथंच उभी होते. तुम्हाला वाटेल की मी रडले असेन. छे. मी हौसाबाईकडे बघत होते, कारण असा चेहरा नाटकात कुणाला जमत नाही. घोंगडं अजून वरच होतं. हात खाली घ्यायचे असतात हेच ती विसरली होती.

मग साहेब आले. धावपळ, हार, नारळ. उद्घाटनाला सायकल फेरीही ठेवली होती, तिच्या सायकली दुसऱ्या एका टेम्पोतून उतरवल्या. साहेबांनी एकीवर बसून फोटो काढला आणि ती परत टेम्पोत चढवली. आणि आता ऐका, कारण हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. आमच्या भागात मोठ्या पाहुण्याचा सत्कार काठी आणि घोंगडं देऊन करतात. काठी आली होती. घोंगडं आणायला पाठवलेला माणूस वळणरस्त्यावर. बबनरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्यांना हौसाबाई दिसली, दोन्ही हातांत घोंगडं उचलून उभी असलेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. माणूस थोर आहे.

"बघा साहेब! आमच्या गावची माया बघा! मावशीनं घरचं घोंगडं आनलं!"

आणि त्यांनी ते तिच्या हातातून उचललं आणि साहेबांच्या खांद्यावर टाकलं. टाळ्या. तिचे हात मात्र आता खाली आले.

फीत कापायला ताटातली नक्षीची कात्री चालेना. शेवटी माझ्याच दुकानातली आणली. फीत पडली. तोवर मोजायची वेळ संपली होती आणि मॅडमच्या यंत्रावर तेवढं एक कुत्रं होतं. नंतर जो आराखडा आला, जाडजूड, रंगीत, त्यात लिहिलंय की या ठिकाणी पादचाऱ्यांचा वावर जवळजवळ नाही, सबब कायमची वाट आवश्यक नाही. पट्टे पहिल्या पंधरवड्यातच चाकांनी खाल्ले. एका कुंडीत हार्डवेअरवाला आता खिळे ठेवतो.

पण त्या सकाळी पट्टे कोरे होते. साहेबांनी हौसाबाईचा हात धरला आणि दोघं निघाले. पुढे फोटोवाला उलट्या पावलांनी, मागे बबनराव, त्यामागे सगळं गाव, आणि मी. साहेबांच्या खांद्यावर काळं घोंगडं, काठाला माझी आदल्या दिवशीचीच शिवण. दिसत नव्हती, हे अभिमानानं सांगते. रस्ता ओलांडायला काहीच लागलं नाही. एवढाच तर रस्ता होता. पलीकडे हार्डवेअरची पायरी, पायरीवर बसून बसून गुळगुळीत झालेली एक जागा, आणि तिथं कुणी नाही.

साहेबांनी माइक मागवला. माणूस वाईट नव्हता. हौसाबाईची गोष्ट कुणीतरी त्यांना गाडीत सांगितली होती, अर्धी. ते वाकून, गोड आवाजात, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय आजी? आता नणंदबाईंकडे रोज येणार ना? बोला, काय सांगाल त्यांना?"

चारचौघंच काय, अख्खं गाव कान देऊन उभं होतं. हौसाबाईनं माइककडे बघितलं नाही, साहेबांच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिनं त्यांच्या खांद्याकडे बोट केलं, आणि भोंग्यांमधून आवाज आला तो थेट बोळाच्या टोकापर्यंत गेला असेल.

"काढा ते, सायेब. वन्संचं हाय."